नर्मदेच्या दरडीतील प्राणिसृष्टी

इंदूरहून नर्मदास्नानास निघालेला यात्रेकरू माळव्याचे पठार सोडून घाट उतरतो आणि निमाडात येतो. महेश्वर असो, मंडलेश्वर असो किंवा बडवाह असो, तेथे पोहोचल्यावर त्याची दृष्टी प्रथम जाते ती विस्तीर्ण प्रवाहाकडे, अहल्याबाईंच्या घाटाकडे, पैलतीरावरील मंदिराच्या शिखराकडे. नदीच्या काठाची उंच दरड मात्र सहसा कोणी निरखून पाहत नाही. वस्तुतः ती दरड म्हणजे नर्मदेने स्वतः लिहून ठेवलेली बखर होय. वर पिवळसर मातीचा जाड थर, त्याखाली तांबूस चिकणमाती, तिच्याखाली वाळू आणि सर्वांत तळाशी चुन्याने घट्ट जखडले गेलेले गोट्यांचे कठीण थर, अशी तिची पाने एकावर एक रचलेली असतात. नर्मदेच्या मधल्या खोऱ्यात, विशेषतः होशंगाबाद म्हणजे आजचे नर्मदापुरम आणि नरसिंहपूर ह्या जिल्ह्यांच्या परिसरात, ह्याच गोट्यांच्या थरांत दगडासारखी जड झालेली हाडे सापडतात. जे प्राणी आज पृथ्वीच्या पाठीवर कोठेही जिवंत दिसणार नाहीत, त्यांची ती हाडे आहेत.

ही हाडे इंदूरच्या आसपासच्या काळ्या जमिनीत का सापडत नाहीत, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. त्याचे उत्तर असे की, माळव्याचे पठार ज्वालामुखीच्या लाव्ह्याने बनलेले आहे आणि त्या लाव्ह्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे आहे. त्या काळी हत्ती, घोडे, बैल ह्यांपैकी कोणीही जन्मास आलेले नव्हते. धार जिल्ह्यातील पाडल्या गावी जे गोल दगड कुलदैवत म्हणून पूजिले जात होते, ते डायनोसोरची अंडी असल्याचे तज्ज्ञांनी २०२३ मध्ये सांगितले. ती अंडी त्या फार प्राचीन युगातील होत. नर्मदेच्या गोट्यांतील हाडे त्या मानाने अगदी अलीकडची आहेत. भूशास्त्रज्ञ ज्याला प्लायस्टोसीन काळ म्हणतात, जो सुमारे २६ लाख वर्षांपूर्वी सुरू होऊन ११,७०० वर्षांपूर्वी संपला, त्याच्या उत्तरार्धातील ती आहेत. डायनोसोर कधी माणसाच्या दृष्टीस पडले नाहीत. परंतु नर्मदाकाठचे हे प्राणी माणसाने पाहिले होते. त्यांच्या कथेचे महत्त्व ह्यातच आहे.

हाड दगड कसे होते? पाण्यावर आलेला एखादा प्राणी गाळात रुततो, पुरात बुडतो किंवा वाघाच्या तोंडी पडतो. त्याचे मांस कोल्ह्या-गिधाडांच्या वाट्यास जाते आणि हाडे उघडी पडतात. ती तशीच राहिली तर ऊनपावसाने काही वर्षांतच त्यांचा भुगा होतो. परंतु लवकरच येणाऱ्या पुराने ती वाळूखाली झाकली, तर हवेचा संपर्क तुटतो. मग जमिनीत मुरणारे पाणी आपल्याबरोबर विरघळलेली खनिजे आणून हाडाच्या सूक्ष्म छिद्रांत साठवीत जाते आणि हजारो वर्षांनी हाडाचा आकार तोच राहून वजन मात्र दगडाचे होते. असे भाग्य हजारांतून एखाद्याच हाडास लाभते. म्हणून नर्मदेच्या दरडीत जे सापडते, ते तेव्हाच्या प्राणिसंपदेतील केवळ मूठभर होय.

ह्या हाडांची शास्त्रीय नोंद होऊ लागली ती १८३० नंतरच्या दशकात. जबलपूर येथे असलेले डॉ. स्पिल्सबरी ह्यांनी नर्मदाखोऱ्यातील जीवाश्म जमवून कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप ह्यांच्याकडे पाठविले. अशोकाच्या ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारे प्रिन्सेप ते हेच. पुढे सहारनपूरच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख ह्यू फाल्कनर आणि गंगेच्या कालव्याचे निर्माते प्रोबी कॉटली ह्या दोघांनी शिवालिक टेकड्यांतील जीवाश्मांबरोबर नर्मदेच्या जीवाश्मांचाही अभ्यास केला. शिवालिकातील एका अजस्र जिराफवंशीय प्राण्याला त्यांनी शंकरावरून ‘शिवथेरियम’ असे नाव दिले आणि लांब सुळ्यांच्या एका गजवंशीय प्राण्याला गणेशाचे नाव दिले. नर्मदेच्या प्राण्यांना मात्र त्यांनी नदीचेच नाव दिले. ग्रीक भूगोलकार टॉलेमी नर्मदेला ‘नामादोस’ म्हणे. त्यावरून हत्ती, बैल, घोडा, पाणघोडा ह्या सर्वांच्या शास्त्रीय नावांना ‘नामादिकस’ हे उपपद लागले. नर्मदेचे नाव आज जगभरच्या विद्यापीठांत उच्चारले जाते, ते तिच्या घाटांमुळे नव्हे, तर तिच्या काठी गाडल्या गेलेल्या ह्या प्राण्यांमुळे.

ह्या प्राण्यांत अग्रपूजेचा मान अर्थातच नर्मदेच्या हत्तीचा. आजचा भारतीय हत्ती खांद्याशी पावणेतीन ते तीन मीटर उंच असतो. नर्मदेचा पूर्ण वाढलेला नर चार मीटरांहून अधिक उंच होता आणि पृथ्वीवर वावरलेल्या सर्वांत मोठ्या भूचर सस्तन प्राण्यांत त्याची गणना होते. त्याच्या कवटीवर कपाळाच्या वरच्या बाजूस हाडाचा एक जाडजूड कंगोरा पुढे झुकलेला असे. मानेचे प्रचंड स्नायू त्याला बांधलेले असल्यावाचून एवढ्या मस्तकाचा भार त्याला पेलला नसता. त्याच्या युरोपातील भावंडाच्या हाडांतून मिळालेल्या डीएनएचे परीक्षण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा असे आढळले की, ह्या कुळाचे जवळचे नाते भारतीय हत्तीशी नसून आफ्रिकेतील हत्तींशी आहे. हा हत्ती केवळ नर्मदेचाच होता असेही नव्हे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे, जेथे आज पाणपक्ष्यांचे प्रसिद्ध अभयारण्य आहे, तेथील गोदावरीच्या गाळात ह्याच जातीच्या हत्तीचे अवशेष मिळाले. त्यांचे वर्णन भूगर्भशास्त्रीय सर्वेक्षण खात्याच्या पिलग्रिम ह्यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केले.

ह्या हत्तीच्या शेजारीच स्टेगोडॉन हा दुसरा गजवंशीय प्राणी नांदत होता. हत्तीची दाढ जात्याच्या पाट्यासारखी असते. पातळ पत्रे एकापाठीमागे एक उभे करावेत तशी तिची रचना असून कठीण गवत दळण्यास ती योग्य. स्टेगोडॉनच्या दाढेवर मात्र घराच्या उतरत्या छपरांसारखे ठेंगणे उंचवटे असत आणि त्यावरूनच त्याला हे ग्रीक नाव मिळाले. अशी दाढ पाला आणि कोवळ्या फांद्या चावण्यास सोयीची. म्हणजे एकाच थरात ह्या दोन दाढा सापडल्या, तर त्या काळी नर्मदेच्या काठी गवताची कुरणे आणि दाट झाडी ही दोन्ही होती, असा निष्कर्ष निघतो. हाडांवरून केवळ प्राणीच कळतो असे नाही, त्याचा प्रदेशही कळतो तो असा.

परंतु प्रदेशाची सर्वांत निश्चित साक्ष देणारा प्राणी म्हणजे पाणघोडा. आज पाणघोडा पाहावयाचा तर प्राणिसंग्रहालयात जावे लागते आणि तो असतो आफ्रिकेतून आणलेल्यांच्या वंशातला. परंतु एके काळी तो नर्मदेचाच रहिवासी होता. त्याच्या जबड्यात पुढे सहा दात असत म्हणून त्याच्या कुळाला ‘हेक्साप्रोटोडॉन’ म्हणतात. पाणघोड्याची कातडी उन्हात फार लवकर कोरडी पडते. त्यामुळे दिवसभर पाण्यात डुंबावयाचे आणि रात्री काठावरच्या कुरणात चरावयास निघावयाचे, हा त्याचा नित्यक्रम. बारमाही खोल पाणी आणि लगतचे गवत ह्या दोहोंपैकी एक जरी नाहीसे झाले, तरी त्याचे जगणे अशक्य होते. हत्ती पाण्याच्या शोधात कोसचे कोस चालत जाईल. पाणघोडा जाऊ शकत नाही.

ह्यांच्याखेरीज त्या थरांत नर्मदेचा घोडा आहे, रानम्हैस आहे, रानडुक्कर आहे, हरणे आहेत, बारसिंगा आहे आणि लांब शिंगांचा प्रचंड रानबैलही आहे. होळकरांच्या पागांत पुढे जे घोडे खिंकाळले, ते मात्र नर्मदेच्या ह्या घोड्याचे वंशज नव्हेत. माणसाळलेल्या घोड्याचा वंश युरेशियाच्या गवताळ प्रदेशातून आला. नर्मदेचा घोडा त्यापूर्वीच निर्वंश झाला होता.

ह्या प्राण्यांच्या सहवासात माणूस होता, ह्याचा पहिला पुरावा नरसिंहपूर जिल्ह्यातील भुतरा गावाजवळ मिळाला. सर्वेक्षण खात्याचे हॅकेट ह्यांना तेथे जीवाश्मांच्या थरातच दगडाची घडविलेली हातकुऱ्हाड आढळली आणि १८७३ मध्ये मेडलिकट ह्यांनी तिचे वृत्त प्रसिद्ध केले. १९३५ मध्ये डी टेरा आणि पॅटरसन ह्यांनी ह्या खोऱ्याच्या थरांचा क्रम पद्धतशीरपणे लावण्याचा प्रयत्न केला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९५२-५३ मध्ये महेश्वर व नावडाटोली येथे उत्खनन केले. महेश्वरच्या नदीतळातील गोट्यांतही अश्मयुगीन हत्यारे मिळाली. परंतु हत्यारे मिळाली तरी ती घडविणारा माणूस दिसत नव्हता. तो दिसला ५ डिसेंबर १९८२ रोजी. सीहोर जिल्ह्यातील हथनोरा येथे नर्मदेच्या उत्तर तीरावर भूगर्भशास्त्रीय सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया ह्यांना गोट्यांच्या कठीण थरात मानवी कवटीचा भाग सापडला. तिचे वय आणि तिची जात ह्यांविषयी विद्वानांत मतभेद आहेत.  त्याच थरात स्टेगोडॉन, पाणघोडा, घोडा आणि रानबैल ह्यांचेही अवशेष होते. ज्या वाळूत हत्ती निजला, तिच्यातच मनुष्यही निजला होता.

आता मुख्य प्रश्न येतो. हे प्राणी गेले कसे? माणसाने त्यांना मारून संपविले काय? अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात मोठ्या सस्तन प्राण्यांपैकी बहुसंख्य जाती गेल्या पन्नासएक हजार वर्षांत नष्ट झाल्या आणि त्यात माणसाच्या आगमनाचा मोठा वाटा होता, असे पुष्कळ संशोधक मानतात. भारतातील परिस्थिती मात्र निराळी दिसते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात असे आढळले की, ह्या काळात भारतीय उपखंडातून समूळ नष्ट झालेल्या मोठ्या सस्तन जाती मोजक्याच आहेत. नर्मदेचा हत्ती, स्टेगोडॉन, पाणघोडा आणि नर्मदेचा घोडा ह्या त्या होत. हा ऱ्हास सुमारे तीस हजार वर्षांपूर्वी सुरू झाला. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रातील टोबा ज्वालामुखीचा महाभयंकर स्फोट झाला आणि त्याची राख नर्मदेच्या खोऱ्यापर्यंत येऊन पडली; परंतु ह्या संकटातूनही हे प्राणी निभावले. भारतातील प्राण्यांनी माणसाच्या पूर्वजांबरोबर लाखो वर्षे काढली होती. त्या दीर्घ सहवासात ते माणसाला ओळखू लागले, त्याच्यापासून जपून राहू लागले आणि म्हणून येथे वाघ, हत्ती, गेंडा, गवा असे मोठे प्राणी टिकून राहिले, असा ह्या अभ्यासकांचा तर्क आहे.

मग जे टिकले नाहीत ते का टिकले नाहीत? पाणघोड्याच्या बाबतीत उत्तर बरेचसे स्पष्ट आहे. शेवटच्या हिमयुगाचा जोर सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी सर्वाधिक होता आणि त्या काळात मोसमी पाऊस क्षीण झाला. ज्या नद्या बारमाही भरून वाहत, त्यांचे पाणी उन्हाळ्यात डोहाडोहांत तुटू लागले. भारतात मिळालेल्या पाणघोड्याच्या एका दाताचे वय रेडिओकार्बन पद्धतीने सुमारे सोळा हजार वर्षे ठरले आहे. त्यानंतर लवकरच हा प्राणी येथून नाहीसा झाला. पाऊस पुढे परत आला; परंतु पाणघोडा परत आला नाही. कारण एकदा तुटलेली वंशाची साखळी पावसाने सांधता येत नाही. दुष्काळ हा काही वर्षांचा असतो, निर्वंश होणे हे कायमचे असते. ह्या दोन गोष्टींतील भेद नर्मदेच्या दरडीइतक्या स्पष्टपणे दुसरे कोणी सांगत नाही.

रानबैलाची कथा मात्र निराळी आहे. रानटी स्थितीतील हा बैल भारतातून गेला. त्याच्या युरोपीय भावंडातील अखेरची गाय १६२७ मध्ये पोलंडातील याक्तोरुव्हच्या अरण्यात मेली. तथापि भारतीय रानबैलाचा वंश संपला नाही. सिंधूच्या पश्चिमेस बलुचिस्तानातील मेहरगढ येथे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी लोकांनी ह्या कुळातील गुरे पाळण्यास आरंभ केला आणि वशिंडाचे भारतीय गोवंश त्यातून निर्माण झाले. वशिंड हे मांसाचे असल्याने ते दगड होऊन टिकत नाही. म्हणून नर्मदेच्या रानबैलाला वशिंड होते की नाही, हे त्याच्या शिंगांवरून सांगता येत नाही. परंतु महेश्वरासमोरच्या तीरावर, नावडाटोलीच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत, पाळीव गुरांची हाडे गव्हाच्या दाण्यांबरोबर मिळाली आहेत. पोळ्याच्या दिवशी शिंगे रंगवून आणि झूल घालून ज्या माळवी किंवा निमाडी बैलाची पूजा होते, तो त्या लुप्त रानबैलाच्या कुळातील आहे. स्वातंत्र्य गमावून त्याने वंश राखला. गाड्याला आणि नांगराला जुंपला गेला म्हणून तो उरला. आता ट्रॅक्टर आल्यावर त्याचे हे आश्रयस्थानही आक्रसू लागले आहे, ही गोष्ट निराळी आणि विचार करावयास लावणारी आहे.

तिसरी कथा बारसिंग्याची. नर्मदेच्या त्याच थरांत त्याचीही हाडे आहेत. हत्ती गेला, पाणघोडा गेला. बारसिंगा मात्र मध्य भारतातील गवताळ मैदानांच्या आश्रयाने जिवंत राहिला. परंतु मैदाने नांगरली गेली, शिकार वाढली आणि १९७० मध्ये कान्हाच्या अरण्यात कठीण भूमीवर राहणाऱ्या ह्या बारसिंग्याच्या जातीचे केवळ ६६ प्राणी उरले. जगात इतरत्र ह्या जातीचा कळप नव्हता. म्हणजे पाणघोड्याच्या वाटेवर तो अगदी शेवटच्या पावलापर्यंत आला होता. त्या वेळी हिंस्र पशूंपासून संरक्षण देणारे कुंपण घालून त्यात काही प्राणी वाढविण्यात आले, गवताची मैदाने पुन्हा मोकळी केली गेली आणि हळूहळू संख्या वाढली. पुढे त्यातील काही प्राणी सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडण्यात आले. हा प्रकल्प नर्मदेच्याच जिल्ह्यात आहे. ज्या खोऱ्याच्या वाळूत त्याच्या पूर्वजांची हाडे दगड होऊन पडली आहेत, त्या खोऱ्याच्या कडेला हा प्राणी पुन्हा चरू लागला.

एकाच नदीच्या एकाच वाळूत गाडल्या गेलेल्या ह्या प्राण्यांची गती अशी तीन प्रकारची झाली. काही नाहीसे झाले. एक दास होऊन राहिला. एकाला अखेरच्या क्षणी हात देऊन वर काढण्यात आले. पाणघोडा गेला त्या वेळी माणसाच्या हाती पाऊस नव्हता, म्हणून त्याला दोष देता येणार नाही. बारसिंग्याच्या वेळी कुरणही त्याच्या हाती होते आणि बंदूकही. प्राणी नष्ट होतो तो एकाएकी नव्हे. आधी त्याचा प्रदेश आक्रसतो, मग कळप तुटतात, मग एखाद्या कोपऱ्यात थोडे उरतात आणि त्यानंतर एखादा वाईट उन्हाळा पुरेसा होतो. ६६ ह्या आकड्याचा अर्थ हाच होता. तो वेळीच वाचला गेला म्हणून बारसिंगा आहे.

शेवटी एक गोष्ट ह्या बखरीविषयीच सांगावयास हवी. नदी जशी हाडे गाडते तशीच ती उकरूनही काढते. दर पावसाळ्यात दरड ढासळते, थरातील हाडे उघडी पडतात आणि कोणाच्या नजरेस न पडल्यास पुढच्या पुरात त्यांचे तुकडे होऊन जातात. काठावरची वाळू उपसली जाते, तिच्याबरोबरही ती जातात. इंदिरा सागर धरणाच्या पाण्याखाली २००४ मध्ये हरसूद गाव गेले. त्या जलाशयाखाली नदीचे जुने काठही कित्येक कोसपर्यंत बुडाले आणि तेथील थर आता कोणास पाहता येणार नाहीत. म्हणून जे काठ उघडे आहेत त्यांचे मोल वाढले आहे. नदीवर गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला, नावाड्याला अथवा शेतकऱ्याला दरडीत हाडाच्या आकाराचा जड दगड रुतलेला दिसला, तर तो उपटून घरी नेऊ नये. हाड कोणत्या थरात होते हे एकदा पुसले गेले की, त्याचे अर्धे महत्त्व नष्ट होते. जागा ध्यानात ठेवावी, छायाचित्र घ्यावे आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागास, संग्रहालयास किंवा भूगर्भशास्त्रीय सर्वेक्षणास कळवावे. भुतऱ्याची कुऱ्हाड आणि हथनोऱ्याची कवटी ह्यांना मोल आले, ते त्या कोणत्या थरात होत्या ह्याची नोंद झाली म्हणून. त्या थरावरूनच हत्ती, पाणघोडा आणि माणूस हे एकमेकांचे शेजारी होते, हे आज सांगता येते.